खान्देशच्या उन्हात एसी: बसवण्यापासून सर्व्हिसिंगपर्यंत

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणं, एवढंच त्याचं काम. म्हणून तांत्रिक भाषेत तो हीट पंपच आहे. 'हॉट अँड कोल्ड' मॉडेलमध्ये हाच पंप थंडीत उलटा चालतो आणि बाहेरची उष्णता आत आणतो. हे ध्यानात घेतलं की आपल्याकडे एसीचं नेमकं काय बिघडतं ते कळतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवरच्या कोपऱ्यात किंवा दोन भिंतींच्या बोळात हवा त्याहूनही तापलेली असते. उष्णता टाकायची ती याच हवेत. त्यामुळे वीजबिल आणि थंडावा रिमोटपेक्षा जास्त दोन गोष्टींवर ठरतो: बाहेरचं युनिट कुठे आहे आणि डोक्यावरचा स्लॅब किती तापतो. बहुतेक घरांत या दोन्हींकडे बघायलाच कोणी जात नाही.

लेबलवर काय लिहिलंय, आणि काय नाही

दीड टनाचा एसी म्हणजे साधारण ५.२ किलोवॅट उष्णता उचलणारा एसी. पण ही क्षमता मोजतात बाहेर ३५ अंश तापमान धरून. बाहेर ४५ झालं की त्याच यंत्राची क्षमता साधारण १० ते २० टक्क्यांनी घटते आणि वीज मात्र जास्त लागते. दुपारी दोनला 'एसी थंड करत नाही' ही तक्रार कित्येकदा बिघाडाची नसते. यंत्र ओढूनताणून चाललेलं असतं.

स्टार रेटिंग ज्या आकड्यावर देतात तो आयएसईईआर, म्हणजे हंगामभर उचललेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेली वीज. तो काढताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १,६०० तास वापर धरलेला असतो. आपली ४५-४६ ची दुपार त्या तक्त्यात बसतच नाही. तरीही दोन एसींची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, फक्त लेबलवर लिहिलेल्या वर्षभराच्या युनिटांवर भिस्त ठेवू नका. लेबल कोणत्या काळाचं आहे तेही बघा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच स्टार आणि नव्या लेबलचे पाच स्टार सारखे नसतात.

'५२ अंशांपर्यंत चालतो' या जाहिरातीचा अर्थ त्या तापमानाला बंद पडत नाही एवढाच. पूर्ण थंडावा देतो असा नाही. दुकानदाराकडून माहितीपत्रक मागून घ्या. काही कंपन्या ४६ किंवा ४८ अंशांना किती क्षमता उरते ते छापतात. खान्देशात खरेदी करताना तोच आकडा सगळ्यात कामाचा.

किती टनाचा घ्यायचा? वर मजला असलेली १० बाय १२ फुटांची खोली असेल तर एक टन पुरतो. तीच खोली थेट स्लॅबखाली असेल, पश्चिमेची भिंत उघडी असेल, तर दीड टन घ्या. स्लॅबखालच्या १६०-१८० चौरस फुटांच्या हॉलला दोन टन लागेल. पत्र्याच्या खोलीत मात्र टन वाढवत बसण्याआधी पत्र्याखाली छत करून घ्या, नाहीतर पैसे उन्हात जातील. याउलट, गरजेपेक्षा मोठा एसी उन्हाळ्यात चालून जातो, पण पावसाळ्यात खोली झटकन थंड करून मंद पडतो, हवेतला ओलावा पुरेसा काढत नाही आणि खोली थंड पण चिकट राहते.

उन्हाळाभर रोज सात-आठ तास चालवणार असाल तर पाच स्टार परवडतो. पाहुण्यांच्या खोलीसाठी तीन स्टार पुरे. पण दोन्हीकडे इन्व्हर्टर एसीच घ्या, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा.

बाहेरच्या युनिटची जागा

मिस्त्री येतो तेव्हा त्याला सोयीची जागा हवी असते: पाइप कमी लागेल, शिडी लावावी लागणार नाही. तुम्हाला हवी असते सावलीची आणि मोकळ्या हवेची जागा. या दोन जागा क्वचितच एक असतात, म्हणून तो येण्याआधीच जागा ठरवून ठेवा.

पहिली पसंती उत्तरेच्या भिंतीला, दुसरी पूर्वेच्या. पश्चिम आणि नैऋत्य टाळा. गच्चीवरच ठेवायचं असेल तर थेट स्लॅबवर ठेवू नका. भर दुपारी स्लॅबचा पृष्ठभाग हात ठेववणार नाही इतका तापतो आणि त्याच्या लगतची हवा पंखा ओढून घेतो. किमान एक-दीड फूट उंच लोखंडी स्टँड करून घ्या. पायांखाली रबरी पॅड लावा, नाहीतर कंपनाचा आवाज रात्रभर खालच्या खोलीत घुमतो.

युनिट मागून आणि एका बाजूने हवा ओढतं आणि समोर फेकतं. मागे भिंतीपासून निदान १५ सेंटिमीटर, बाजूला ३० सेंटिमीटर आणि समोर किमान ७०-१०० सेंटिमीटर मोकळं हवं. समोर कंपाऊंडची भिंत जवळ असेल तर फेकलेली गरम हवा तिला आपटून परत मागे येते आणि युनिट स्वतःचीच उष्णता पुन्हा गिळत बसतं. दोन शेजाऱ्यांची युनिटं अरुंद बोळात समोरासमोर असली तरी हेच होतं. दिसायला बरं नाही म्हणून युनिटभोवती जाळीची पेटी किंवा शटर लावण्याची पद्धत शहरात वाढली आहे. ती पेटी काढून टाका.

सावली हवी, पण हवा अडवणारी नको. केळीच्या रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट सहज मिळते. युनिटच्या वर तीन-चार फुटांवर ताणून बांधा, बाजू मोकळ्या सोडा. उंच स्टँडवरच्या सोलर पॅनेलखाली युनिट ठेवलं तरी चांगली सावली मिळते. पॅनेल बुटकी असतील तर मात्र खाली गरम हवा कोंडते, तिथे नको.

कूलरसारखं पाणी मारून युनिट थंड ठेवण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. बोअरच्या पाण्याने करू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतांशी जड. ते फिन्सवर, म्हणजे कॉइलच्या नळ्यांवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर, सुकतं आणि पांढरा क्षार धरतो. हा थर एकदा बसला की साध्या धुण्याने निघत नाही, आणि ॲसिडने काढायला गेलात तर ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. पहिल्या महिन्यात फायदा दिसतो, पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट तोटा.

बसवताना शेजारी उभं राहा

नवा एसी दोन-तीन वर्षांतच 'गॅस गेला' म्हणू लागला तर बहुतेक वेळा दोष बसवण्यात असतो. पुढच्या गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या.

तांब्याच्या पाइपचं तोंड पसरवून नटाने आवळतात, त्याला फ्लेअर म्हणतात. पाइप कापल्यावर आतली कड रीमरने साफ करून, फ्लेअरवर तेलाचा थेंब लावून, नट आधी हाताने पूर्ण फिरवायचा आणि मग टॉर्क पान्याने आवळायचा. पाव इंची पाइपला १४ ते १८ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. अंगातला सगळा जोर लावून आवळलेला नट आज गळत नाही; त्याची कड चिरते आणि एक-दोन उन्हाळ्यांत गळू लागते.

दुसरं, व्हॅक्यूम. सीझनमध्ये मिस्त्रीला दिवसात पाच-सहा घरं करायची असतात, म्हणून तो बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा 'फुंकून' काढतो. हे चालू देऊ नका. हवा निघाली तरी ओलावा मागे राहतो, तो कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळतो आणि पुढे आतून गंज आणि आम्ल तयार होतं. व्हॅक्यूम पंप किमान १५-२० मिनिटं चालला पाहिजे. मग व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर गळती नाही, त्यानंतरच गॅस सोडायचा. हल्ली बहुतेक एसींत आर-३२ गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. पाइप उघडे असताना आसपास विडी-सिगारेट, देवघरातला दिवा, गॅसची शेगडी काहीही चालू नको.

पाइपची लांबी तीन मीटरपेक्षा कमी नको. कंपनीने ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त झाली तर दर मीटरमागे किती ग्रॅम गॅस वाढवायचा ते माहितीपुस्तकात दिलेलं असतं. तेवढाच वाढवायचा, आणि तो वजनकाट्यावर मोजून. 'अंदाजे मारतो' चालत नाही. दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. जाड पाइपला घालून बारीक तसाच सोडला तर इन्व्हर्टर एसीत थंडावा वाटेतच सांडतो. काळा फोम आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत भुसभुशीत होतो, म्हणून वरून ऊन सोसणारी टेप गुंडाळा किंवा पाइप पीव्हीसी पट्टीत घाला.

ड्रेन पाइपला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा. वाटेत कुठे पोट आलं की पाणी तिथे साचतं, शेवाळ धरतं आणि जुलैत भिंतीवरून ओघळ सुरू होतात. पाइपचं बाहेरचं टोक बादलीत बुडवून ठेवू नका. हवा कोंडून पाणी मागे येतं.

वायर, अर्थिंग आणि व्होल्टेज

दीड टनाच्या एसीला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा सी-टाइप एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) लावा. गिझर किंवा पाण्याची मोटर त्याच वायरवर नको. सॉकेट ढिला असेल तर पिनेशी ठिणग्या पडून प्लास्टिक वितळतं. महिन्यातून एकदा, एसी अर्धा तास चालल्यावर प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर सॉकेट बदला.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि नेमका तेव्हाच लागतो. एप्रिलपासून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. इन्व्हर्टर एसीची पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) खराब अर्थिंगवर हटकून जाते, आणि ती स्वस्त नसते.

स्टॅबिलायझर लागतो का? एसीच्या पाटीवर व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली असते. शहरात पुरवठा बहुधा तिच्या आत असतो. गावात संध्याकाळी मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं, आणि रात्री मोटरी बंद झाल्या की एकदम वर जातं. हे चढउतार पाटीवरच्या मर्यादेबाहेर जात असतील तर ४ केव्हीएचा, जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारा स्टॅबिलायझर घ्या. वीजबिलावरचा मंजूर भारही एकदा बघा. एक किलोवॅटच्या जोडणीवर दोन एसी चालवणारी घरं कमी नाहीत.

स्लॅब: इथे पैसे घाला

पाच-सहा इंची काँक्रीटमधून उष्णता खाली यायला काही तास लागतात. म्हणून दुपारचं ऊन आपल्या छताखाली संध्याकाळी सहा-सातपासून जाणवतं आणि मध्यरात्रीपर्यंत छत हीटरसारखं तापत राहतं. रात्री दहाला एसी लावला तर तो हवा गार करण्यापेक्षा स्लॅबशीच झुंजत असतो. जुन्या धाब्याच्या घरांना हा त्रास कमी, कारण जाड मातीचा थर दिवस निघेपर्यंत उष्णता अडवून धरतो.

होळीनंतर लगेच गच्ची झाडून-धुऊन चुन्याचे दोन हात मारा. पहिला हात पातळ, पूर्ण सुकल्यावर दुसरा आडवा. चुन्यात थोडा पांढरा सिमेंट आणि चिकटवायला फेव्हिकॉल घातला तर पायाला लागत नाही. पावसाने तो निघतो, पण तोपर्यंत काम झालेलं असतं. खर्च करायची तयारी असेल तर उष्णता परावर्तित करणारा रंग मारा, तो काही वर्षं टिकतो. फक्त दर मार्चला गच्ची धुवायला विसरू नका, धुळीने पांढरेपणा गेला की गुणही गेला. स्लॅबवर पाच-सहा फुटांवर शेडनेट ताणणं हा तिसरा मार्ग, आणि खर्चाच्या मानाने सगळ्यात गुणाचा. ओल्या गोण्या टाकल्याने गारवा येतो, पण पाणीटंचाईत आणि गळक्या स्लॅबवर ते नको.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा बांबूचा पडदा सोडा. काचेतून आत आलेलं ऊन पडद्यावर पडलं तरी उष्णता खोलीतच राहते.

रोजचा वापर

सकाळी आठनंतर खिडक्या बंद, पडदे खाली. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की पंधरा मिनिटं सगळं उघडा, कोंडलेली उष्णता जाऊ द्या, मग बंद करून एसी लावा.

तापमान २६ किंवा २७ आणि छताचा पंखा मध्यम वेगावर. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, घाम लगेच सुकतो, त्यामुळे पंख्याखाली २७ अंशांत छान झोप लागते. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही. इन्व्हर्टर फक्त जास्त वेळ पूर्ण वेगाने पळत राहतो. दर अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं, आणि २०२० पासून विकले जाणारे खोलीचे एसी सुरू होताना २४ वर येतात तेही म्हणूनच. खोली गार झाली की एसी बंद, उकडलं की चालू, हा जुन्या एसीचा प्रकार इन्व्हर्टरवर उलटा पडतो. त्याला मंद गतीने चालू राहू द्या.

कूलर आहे म्हणून एसी घेण्याची घाई करू नका, आणि एसी आला म्हणून कूलर विकू नका. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो. दुपारी हॉलमध्ये कूलर आणि रात्री झोपायच्या खोलीत एसी, ही वाटणी बिलाला सगळ्यात सोसते. पण एकाच खोलीत दोन्ही एकदम नाही. कूलरने हवेत घातलेलं पाणी एसीला पुन्हा काढत बसावं लागतं, आणि कूलरसाठी खिडकी उघडी ठेवावी लागते ते वेगळंच. मृग लागून हवा दमट झाली की कूलर बंद करा, आता एसीची पाळी.

मे महिन्यात ड्रेनमधून पाणी जवळजवळ पडत नाही. हवेत ओलावाच नसेल तर पाणी येणार कुठून? हा बिघाड नाही. पाणी पडत नाही म्हणून गॅस भरून घेणारे लोक दरवर्षी सापडतात.

बिलाचा हिशोब असा करा. रात्री आठ तास, सरासरी ८०० वॅट धरले तर दिवसाला ६.४ युनिट, महिन्याला १९० च्या आसपास. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि टप्प्यावरच्या युनिटांना चढा दर लागतो. घरचा एरवीचा वापर १५० युनिट असेल तर एक एसी तुम्हाला तिसऱ्या टप्प्यात नेतो. दुसऱ्या एसीचं जवळपास प्रत्येक युनिट चढ्या दरानेच येतं. म्हणून सगळ्यांनी एकाच खोलीत झोपण्याची जुनी पद्धत मे महिन्यापुरती तरी बरी.

साफसफाई

आतल्या युनिटची जाळी एरवी पंधरा दिवसांनी, पण एप्रिल-मेच्या वावटळींत दर आठवड्याला धुवा. उलट्या बाजूने साध्या पाण्याची धार मारा, लागलंच तर पातळ साबण, आणि सावलीत सुकवा. उन्हात ठेवली तर फ्रेम वाकते आणि मग कडेने धूळ आत जाते. स्वयंपाकघर हॉलला जोडून उघडं असेल तर फोडणीचं तेल हवेतून कॉइलवर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. अशा घरात फोडणी देताना एसी बंद ठेवून एक्झॉस्ट चालवा.

बाहेरच्या युनिटवर काय बसतं ते गावावर अवलंबून असतं. जिनिंगजवळ कापसाचा तंतू मागच्या फिन्सवर गोधडीसारखा थर धरतो. जळगावात डाळ मिलच्या परिसरात टरफलांचा भुसा, शेताकडेला धूळ. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर मार्चपर्यंत चालतो, म्हणून उन्हाळ्याआधीचं धुणं टाळू नका. हे घरी करता येतं, फक्त युनिट सहज हात पोहोचेल अशा जागी असेल तर. उंच भिंतीवरच्या युनिटसाठी मिस्त्रीच बोलवा.

१. एमसीबी पाडा, प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. इन्व्हर्टरच्या पीसीबीवर वीज बंद केल्यावरही काही वेळ चार्ज राहतो. विजेच्या बाजूचं झाकण उघडूच नका.

२. मऊ ब्रशने वरून खाली तंतू आणि धूळ झाडा. आडवा ब्रश फिरवला की फिन्स दुमडतात.

३. बागेच्या नळीने, कमी दाबाने, पाणी मारा. जमलं तर आतून बाहेर. बाहेरूनच मारायचं असेल तर सरळ समोरून, तिरकं नाही. गाडी धुण्याचा प्रेशर पंप जवळून मारला तर फिन्स सपाट होतात आणि हवा कायमची अडते.

४. विजेच्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका. बुडाची छिद्रं काडीने मोकळी करा.

५. अर्धा-पाऊण तास सुकू द्या, मग चालू करा.

दुमडलेले फिन्स फिन-कोंबने सरळ होतात, तो स्वस्तात मिळतो. ॲसिडचा क्लीनर वापरणाऱ्याला परत पाठवा. निळ्या-सोनेरी फिन्सवरचा संरक्षक थर त्याने जातो.

युनिटच्या केबलच्या भोकांत एम-सील किंवा फोम भरा. सावली आणि ऊब शोधत पाल आत शिरते आणि पीसीबीवर दोन टोकांमध्ये आली की तीही जाते, पीसीबीही. मुंग्या आणि गांधीलमाशीचं पोळं हे त्याच रांगेतले पाहुणे.

आतल्या युनिटची जेट सर्व्हिस (दाबाच्या पाण्याने धुलाई) वर्षातून दोनदा: एकदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) महिनाभर आधी आणि एकदा पावसाळा संपल्यावर. आखाजी तोंडावर आल्यावर मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो. सर्व्हिस करताना पीसीबीवर प्लास्टिक घातलंय ना, आणि गोल ब्लोअरच्या पात्यांच्या आतली काळी मळी निघाली ना, एवढं बघा. नुसती कॉइल धुऊन ब्लोअर तसाच सोडला तर हवा कमीच येते.

गॅस खरंच कमी आहे का?

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार.

मिस्त्रीला बोलावण्याआधी घरी तपासा. एसी १८ वर, पंखा पूर्ण वेगावर, वीस मिनिटं चालवा. साधा डिजिटल थर्मामीटर आधी हवा आत जाते तिथे वरच्या जाळीवर धरा, मग थंड हवा येते तिथे. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र ठीक आहे. कोरड्या मे महिन्यात तो आणखी थोडा जास्त दिसतो, पावसाळ्यात कमी. सहाच्या खाली असेल तर आधी जाळी आणि बाहेरची कॉइल धुवा आणि पुन्हा मोजा.

बाहेरच्या युनिटपाशी बारीक पाइपवर बर्फ धरत असेल तर गॅस कमी असण्याचा संशय खरा. जाड पाइपवर आणि आतल्या कॉइलवर बर्फ असेल तर बहुधा हवा अडली आहे: जाळी, ब्लोअर किंवा कॉइल तुंबली आहे. बर्फ दिसला की एसी बंद करून नुसता पंखा चालवा आणि तो वितळू द्या. खरवडून काढू नका.

किती वीज ओढतोय हे कळायला मीटरवरचा लाल दिवा पुरतो. मीटरवर युनिटमागे किती पल्स ते छापलेलं असतं, समजा ३,२००. घरातलं बाकी सगळं बंद करून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ८० वेळा म्हणजे १.५ किलोवॅट. रात्री खोली गार झाल्यावर पुन्हा मोजा. इन्व्हर्टर असूनही आकडा खाली येत नसेल तर कुठेतरी हवा गळतेय, एसी लहान पडतोय किंवा कॉइल मळली आहे.

गॅस भरायची वेळ आलीच तर आधी फ्लेअर नटांवर साबणाचा फेस लावून, नसेल सापडत तर नायट्रोजन भरून गळती शोधायला सांगा. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम, आणि मग युनिटच्या पाटीवर लिहिला आहे तेवढाच गॅस काट्यावर मोजून. नुसत्या प्रेशरवर इन्व्हर्टर एसीचा गॅस कळत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ड्राय मोड जास्त वापरा. तापमान फार नसतं, चिकचिक असते. ड्राय मोड पंखा मंद ठेवून ओलावा काढतो. श्रावणात कानबाईच्या सणाच्या दिवसांत घरात माणसं जास्त असतात तेव्हा मात्र कूल मोडच लागेल. एसी बंद करण्याआधी वीस-तीस मिनिटं नुसता फॅन मोड चालवला की कॉइल सुकते आणि सकाळी कुबट वास येत नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की एमसीबी पाडा. ड्रेनचं पाणी झाडांना घाला, कूलरमध्ये घाला. बॅटरीत नको, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश असतात.

थंडीत हॉट मोड

धुळ्यात कडाक्याच्या थंडीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारी माणसं असतील तर हॉट अँड कोल्ड एसीचे जास्तीचे पैसे वसूल होतात. कॉइलचा हीटर दोन किलोवॅट वीज घेऊन दोन किलोवॅटच उष्णता देतो. हीट पंप तेवढ्याच उष्णतेला साधारण ७०० वॅटच्या आसपास घेतो, कारण तो उष्णता तयार न करता बाहेरून उचलून आणतो.

तापमान २० ते २२, त्याहून जास्त नको. झडपा खाली करा, कारण गरम हवा वर जाते. सुरू केल्यावर तीन-पाच मिनिटं हवाच येत नाही. कॉइल तापेपर्यंत ब्लोअर मुद्दाम थांबलेला असतो. मोड बदलताना 'फुस्स' असा आवाज येतो तो गॅसची दिशा फिरवणाऱ्या व्हॉल्व्हचा. पहाटे कालव्याकाठच्या दमट गावांत बाहेरच्या कॉइलवर दव गोठलं तर एसी आपोआप काही मिनिटं थांबून ते वितळवतो. तेव्हा बाहेरून वाफ निघते आणि बुडातून पाणी पडतं. घाबरून बंद करू नका. हॉट मोडमध्ये पाणी बाहेरच्या युनिटमधून येतं, म्हणून ते शेजाऱ्याच्या दारात पडणार नाही असा पाइप आधीच लावून घ्या.

एसी दोन-तीन महिने वापरणार नसाल तर कोरड्या दिवशी तासभर फॅन मोड चालवा, एमसीबी पाडा आणि रिमोटचे सेल काढा. बाहेरच्या युनिटला फक्त वरून झाकण घाला. पूर्ण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या युनिटात ओल कोंडते आणि उंदीर घर करतात, आणि होळीला चालू करताना वायर कुरतडलेली सापडते.